रकाना क्रमांक सात

१

“पिन मारली. परत पिनच मारली! कागद म्हणजे ह्यांना काय बोकडाचं कातडं वाटतं की काय…”

अण्णा मणचेकर हे कुणालाच उद्देशून म्हणत नव्हते. पण वाचनालयाचं टेबल इतकं अरुंद, की त्यांची कुरकुर थेट प्रमिलाच्या कानात सांडत होती. अण्णा सत्त्याहत्तर वर्षांचे, वाचनालयाचे अध्यक्ष. बांधकाम खात्यातून ते निवृत्त झाले होते, खातं मात्र त्यांच्यातून निवृत्त व्हायला तयार नव्हतं. स्टेपलरची पिन दिसली की नखाने उचकटायची, पंचाने भोक पाडायचं, पांढरी लेस ओवायची आणि गाठीखाली पुठ्ठ्याचा बारका तुकडा सरकवायचा, म्हणजे भोक फाटत नाही.

“अण्णा, बोटाला लागेल. राहू द्या की,” प्रमिला म्हणाली.

“माझे वडील शहाण्णव वर्षं जगले. दोन हजार सहापर्यंत. त्यांचे जमिनीचे कागद आजही करकरीत आहेत. का? पिन नाही!”

यावर बोलण्यात अर्थ नव्हता आणि प्रमिलाला वेळही नव्हता. आज बुधवार. शुक्रवारी पाचला यादी बंद.

सिल्वासाच्या ह्या मराठी वाचनालयातली सहाशे चाळीस जुनी पुस्तकं स्कॅन होऊन लोकांना मोबाईलवर वाचायला मिळणार होती. ऐकायला किती सोपं! पण पुस्तक कपाटात असलं म्हणून त्याचा हक्क कपाटात नसतो. तो लेखकाचा, आणि लेखक गेल्यावर पुढची साठ वर्षं वारसांचा. म्हणून प्रत्येक पुस्तकामागे एक अर्ज, अर्जात अकरा रकाने, आणि रकान्यांत अडकलेला प्रमिलाचा जीव. ती काही पदवी घेतलेली ग्रंथपाल नव्हे. शहाद्याहून लग्न होऊन राखोलीच्या कारखान्यातल्या नवऱ्यामागे आली, दुपार सरेना म्हणून इथली पुस्तकं वाचत सुटली, आणि वाचता वाचता टेबलाच्या ह्या बाजूला कधी आली ते तिचं तिलाही कळलं नाही. कायदाही तिने तसाच वाचला, शब्दकोश मांडीवर घेऊन. गेले दहा महिने ती कवींच्या सुनांना आणि कादंबरीकारांच्या पुतण्यांना फोन करत होती. “तुमचे सासरे कधी गेले हो?” असं अनोळखी बाईला विचारायचं आणि उत्तर मिळालं की वर “धन्यवाद” म्हणायचं. एका पुतण्याने तर उलट तिलाच विचारलं होतं, “काका लिहायचे?”

तरी सहाशे एकोणचाळीस अर्ज पुरे झाले. राहिला एक.

वसंत आरेकर. पुस्तकाचं नाव ‘खानवेलच्या अलीकडे’, साल एकोणनव्वद. खानवेल भागातल्या बायका भात लावताना, दळताना जी गाणी म्हणत ती वसंतरावांनी पाड्यापाड्यांवर फिरून उतरवून घेतली होती. छापलेल्या तीनशे प्रतींतली ही एकच उरलेली. पान उलटलं की कोपरा हातात येणारी. गाणाऱ्यांपैकीही मंजुळाबाई तेवढ्या उरल्या होत्या. त्यांची नात जया दर आठवड्याला फोन करायची, “मॅडम, आजीची गाणी मोबाईलमध्ये कधी येतील? ती आता जास्त दिवस नाय.”

आणि गाडी अडली होती सातव्या रकान्यात. ‘लेखक हयात आहेत का? नसल्यास मृत्यूचा दिनांक.’

वसंतराव सत्त्याण्णव साली होळीच्या सुट्टीत गाणी गोळा करायला म्हणून गेले, ते परत आलेच नाहीत. हयात म्हणावं तर त्यांची सही हवी. नाहीत म्हणावं तर बायकोची सही हवी, आणि तारीख हवी. त्यांच्या बायको, कावेरीताई, आजही कपाळावर रुपयाएवढं कुंकू लावून पुस्तक बदलायला यायच्या. त्या कपाळाकडे बघत तारीख विचारणार कोण? वसंतरावांचे जुने मित्र असूनही अण्णांनी विचारली नाही. कारकून ममताने विचारली नाही. बाकी जगाला बिनदिक्कत विचारणाऱ्या प्रमिलानेही दहा महिने विचारली नव्हती.

सहीवाचून पुस्तक स्कॅन करून जपून ठेवायला कायद्याची ना नव्हती. पण मग ते हार्डडिस्कमध्ये कुलूपबंद. जयाला काय, कुणालाच दिसलं नसतं.

आज काहीतरी खरडायचंच, असं ठरवून प्रमिलाने कपाट उघडलं. फाईली लेखकांच्या आडनावांप्रमाणे लावलेल्या. ‘अ’ची फाईल होती. ‘इ’ची होती.

मधली ‘आ’ची नव्हती.

२

“कुलूप होतं?”

“होतं ना, मॅडम,” ममता म्हणाली. ती डहाणूकडची, इथे कारकून होऊन बारा वर्षं झालेली.

“आणि चावी?”

“बिस्किटाच्या डब्यात.”

“डबा कुठे असतो हे कोणाकोणाला ठाऊक आहे?”

ममताने प्रामाणिकपणे विचार केला. “बिस्किटं खाणाऱ्या सगळ्यांना.”

म्हणजे सिल्वासातली निम्मी मराठी वस्ती. प्रमिलाने कपाळाला हात लावला.

स्कॅनिंगच्या मशीनवर चेतन बसला होता. तो मूळचा अमळनेरचा, वापीच्या एजन्सीकडून आलेला. शनिवारी मशीन उचलून त्याला पुढच्या कामावर जायचं होतं, आणि आरेकरांचं पुस्तक त्याच्या घशातला काटा झालं होतं.

“फाईल मी कशाला नेऊ, ताई? मला तर ती संपायला पाहिजे. तुम्ही पण ना, एवढ्याशा पुस्तकासाठी! टाकून द्या नेटवर. कोण बघायला बसलंय?”

“ज्याचा हक्क आहे तो.”

“तो तर गायब आहे.”

“म्हणूनच तर. कुठूनही बघू शकतो.”

चेतन हसला. प्रमिला हसली नाही. तिचं लक्ष त्याच्या कोपराजवळ गेलं होतं. ‘खानवेलच्या अलीकडे’ तिथेच पडलं होतं, जुन्या साडीच्या तुकड्यात गुंडाळलेलं. रात्रभर, दिवसभर, उघड्यावर.

ती खुर्ची ओढून बसली. हे पुस्तक लोकांपर्यंत जाऊ नये असं ज्याला वाटत असेल, तो पुस्तक उचलेल. एकच तर प्रत. पिशवीत घातली की काम तमाम. ह्या चोराने पुस्तकाला हातही लावला नव्हता. त्याला पुस्तकाशी वैर नव्हतं, फाईलमधल्या कागदाशी होतं. पण फाईलमध्ये होतं काय? पाच अर्ज, चार पुरे आणि एक अर्धवट, पाचही तिच्या हातचे.

“ममता, काल फाईलला नवीन काही लावलंस?”

“एक पत्र लावलं की. पोस्टाने आलेलं.”

“आणि मला सांगितलं नाहीस?”

“तुम्ही फोनवर होतात. कुणाच्या तरी सुनेशी भांडत.”

आवक वही उघडली. बासष्टावी नोंद, मंगळवार, ममताचं गोलगोल अक्षर: ‘नगरपालिका, जन्म-मृत्यू विभाग. लेखक शोध.’

प्रमिला नोंदीकडे बघतच राहिली. शोध घेतल्याचा पुरावा जोडा, असं अर्जात म्हटलं होतं, म्हणून तिने पावसाळ्यात गुजरातच्या किनाऱ्यावरच्या सतरा नगरपालिकांना पत्रं धाडली होती. पुरावा म्हणून फक्त पत्रांची प्रत हवी होती. उत्तराची अपेक्षा तिने स्वप्नातही केली नव्हती. सरकारी कचेरी आणि उत्तर! अठ्ठावीस वर्षांपूर्वीचं कुणी शोधतं का?

“काय लिहिलं होतं त्यात?”

“गुजरातीत होतं. मला बोलता येतं, वाचता कुठे येतं? शिक्का बघितला, पिन मारली, लावलं.”

“काल इथे कोण कोण होतं?”

“तुम्ही, मी, चेतन, अण्णा.” ममता थांबली. तिने ओढणीचं टोक बोटाला गुंडाळलं. “आणि संध्याकाळी कावेरीताई. कपाटापाशी बराच वेळ एकट्याच बसल्या होत्या.”

३

किलवणी नाक्याजवळच्या दुसऱ्या मजल्यावर कावेरीताई राहायच्या. त्र्याहत्तर वर्षांच्या, गणिताच्या निवृत्त शिक्षिका. दार उघडताच त्यांनी प्रमिलाला आपादमस्तक तपासलं, गृहपाठ न केलेल्या मुलीला तपासावं तसं.

“पायात काय, मोजे नाहीत? थंडी काय तुमच्या खानदेशातच पडते असं वाटतं का तुला? बस.”

भिंतीवर वसंतरावांचा फोटो होता. हार नव्हता. खाली खुंटीला त्यांची शबनम पिशवी, धुऊन इस्त्री केलेली. प्रमिलाने नजर वळवली. ह्या घरात आलं की सगळेच नजर वळवत.

“ताई, काल तुम्ही वाचनालयात आला होतात.”

“आले होते. ह्यांचं पुस्तक कुठवर आलं ते बघायला. तो तुमचा चेतन म्हणाला, पानं मशीनला सोसत नाहीत.” त्या चहा गाळता गाळता म्हणाल्या. “आणि अर्जाचं काय झालं?”

“होतंय. थोडं राहिलंय. असंच, नाव, गाव…”

“सातवा रकाना राहिलाय.”

“तुम्हाला कसं माहीत?”

“कोरा अर्ज तूच आणून दिला होतास दिवाळीत. मी वाचायला शिकलेली आहे.” कावेरीताईंनी कप पुढे केला. “चार दिवस टेबलावर ठेवला होता. अण्णा भावजी आले, त्यांनी बघितला आणि पोह्यांची स्तुती करायला लागले. ममता आली, तिने त्याच्यावर पिशवी ठेवली. तूही आत्ता नाव-गाव करतेयस.”

“ताई, तसं नाही…”

“तसंच आहे. पी चहा.”

त्या बाईला काय माहीत आहे, काय नाही, काहीच थांग लागेना. फाईल नेली असती तर त्यांनी स्वतःहून सातव्या रकान्याचं नाव काढलं असतं का? का मुद्दाम काढलं? जिन्यावर प्रमिला स्वतःवरच चिडली. दहा महिन्यांपूर्वी एक प्रश्न विचारला असता तर ही वेळच आली नसती. सगळ्यांनी मिळून त्या रकान्यावर पिशवी ठेवली होती.

वाचनालयात परतली तेव्हा ममता कुलूप लावायच्या तयारीत होती. प्रमिलाने सहज, निव्वळ चरफडीपोटी, ‘इ’ची फाईल ओढली.

ती जाड लागत होती.

आत ‘आ’चे चार अर्ज होते. आगाशे, आठल्ये, आपटे, आंबेकर. पाचवा, आरेकरांचा, तेवढा नव्हता. चोर चार अर्ज परत करून गेला होता!

प्रमिलाने ते दिव्याखाली धरले. प्रत्येकाच्या कोपऱ्यात पिनेची दोन बारीक भोकं. पिना मात्र नव्हत्या. चारही अर्ज पांढऱ्या लेसने बांधलेले, आणि गाठीखाली पुठ्ठ्याचा बारका तुकडा.

४

गुरुवारी सकाळी तिने नगरपालिकेला फोन लावला. सतरापैकी कुठल्या ते वहीत होतं. अकरा वेळा लावला तेव्हा उचलला.

“हां बेन, मोकल्युं छे ने!” पलीकडचा कारकून दुखावल्यासारखा म्हणाला. पाठवलंय की, मग परत कशाला विचारता? मग त्याने फळीवरून बाड काढल्याचा आवाज आला, पाठोपाठ शिंक, पाठोपाठ मोडक्या हिंदीत वाचन. नाव वसंत महादेव आरेकर. वय सत्तेचाळीस. धर्मशाळेत तापाने. सन सत्त्याण्णव, मार्च महिन्यातली तारीख.

प्रमिलाने तारीख लिहून घेतली.

“खबर देणाऱ्याचं नाव?” तिने विचारलं. उत्तर तिला आधीच ठाऊक होतं.

दुपारी वाचनालय रिकामं झाल्यावर तिने लेस बांधलेले चार अर्ज अण्णांच्या पुढ्यात ठेवले.

“पिना काढल्यात, अण्णा. फाईल चोरताना तरी त्या राहू द्यायच्या होत्यात.”

अण्णांनी अर्जांकडे पाहिलं. चष्मा काढला, पुसला, घातला, परत काढला.

“दुसऱ्यांचे अर्ज अडकायला नकोत म्हणून…” ते म्हणाले. “आगाशांच्या मुलीने किती पत्रं लिहून सही आणली होती.”

“आणि नगरपालिकेचं पत्र?”

“उशीखाली आहे.” ते हसायला गेले, जमलं नाही. “तू सतरा पत्रं पाठवलीस तेव्हा म्हटलं, पाठवू दे. कोण उत्तर देतंय? एका गाढवाने दिलं.”

मग हळूहळू, खोकत, थांबत ते बोलले. वसंतरावांच्या खिशात वाचनालयाचं कार्ड सापडलं होतं, म्हणून पोलिसांचा फोन इथे आला. तेव्हा अण्णा एकटेच होते. ते कुणाला न सांगता गेले, ओळख पटवली, तिथेच सगळं उरकलं, नोंद केली. परत आले ते थेट कावेरीताईंच्या घरी. दारात वसंतरावांची आई बसली होती, जपमाळ घेऊन. तिने विचारलं, “सापडला का रे?” आणि अण्णांच्या तोंडून निघालं, “अजून नाही.”

“म्हटलं, म्हातारीला आज नको, उद्या सांगू. उद्या एकादशी होती. परवा तिला ताप आला. मग महिना गेला. महिन्यानंतर हे कसं सांगायचं, प्रमिला? आणि वर्षानंतर?” त्यांनी तिचा हात धरला. “वहिनींना सांगू नकोस. अठ्ठावीस वर्षं ती बाई वाट बघतेय माझ्या एका शब्दावर. आता कळलं तर ती दाराशी उभी करील का मला?”

प्रमिलाला त्यांची दया येत होती आणि टेबलावरचा पंच उचलून त्यांच्या डोक्यात घालावासाही वाटत होता. दोन्ही एकदमच.

“उद्या तीन वाजता ते पत्र घेऊन कावेरीताईंकडे या,” ती म्हणाली. “नाही आलात तर मी त्यांना इथे घेऊन येईन.”

“आणि त्यांना काही झालं तर?”

प्रमिलाने चारही अर्ज उचलले आणि ती कपाटाकडे वळली.

५

त्या संध्याकाळी तिने निदान बाकीचे रकाने तरी नव्या अर्जावर भरायला घेतले. नववा रकाना: ‘ही प्रत वाचनालयास कशी प्राप्त झाली?’ सोपा होता. त्यासाठी तिने दाखल नोंदवही काढली. वाचनालयात येणारं प्रत्येक पुस्तक जिच्यात चढवतात ती.

‘खानवेलच्या अलीकडे. देणगी. सौ. कावेरी आरेकर. सप्टेंबर, अठ्ठ्याण्णव.’

म्हणजे वसंतराव गेल्यानंतर दीड वर्षाने त्यांनी घरातली शेवटची प्रत देऊन टाकली होती. का? जो माणूस परत येणार आहे, त्याचं त्याच्याजवळचं एकमेव पुस्तक बायको कशाला देऊन टाकील?

प्रमिलाने पान उलटलं. नव्व्याण्णव: देणगी, सौ. कावेरी आरेकर, एक पुस्तक. दोन हजार: एक पुस्तक. दोन हजार एक. दरवर्षी एक, न चुकता, कुठल्याही पुस्तकावर ‘यांच्या स्मरणार्थ’ असं काही लिहिलेलं नाही. ममता म्हणायची, ताई वर्षातून एक पुस्तक देतात, हौस. तारखा मात्र धड एकही जुळत नव्हती. दोन हजार बावीसला चौदा सप्टेंबर. तेवीसला तीन ऑक्टोबर. चोवीसला बावीस सप्टेंबर. गेल्या वर्षी अकरा सप्टेंबर. वाढदिवस असता तर तारीख तीच आली असती. गणिताच्या बाईंनी अशा सैरभैर तारखा का निवडाव्यात?

सप्टेंबर. ऑक्टोबर. दरवेळी गणपती उठल्यावर पाचेक दिवसांनी…

ती उठली आणि दाराआडच्या खिळ्याकडे गेली. तिथे ममताने मागच्या पानावरच्या पाककृतींसाठी जुन्या भिंतीवरच्या दिनदर्शिका अडकवून ठेवल्या होत्या. चार वर्षांच्या सापडल्या. तिने धूळ झटकून त्या टेबलावर पसरल्या आणि एकेका तारखेच्या चौकोनावर बोट ठेवलं.

भाद्रपद वद्य पंचमी.

भाद्रपद वद्य पंचमी.

चारही वर्षी तीच. पितृपक्षातली पंचमी. तारखा सैरभैर होत्या, तिथी हलली नव्हती.

मग तिने अण्णांच्या कपाटातलं जाड, अनेक वर्षांचं जुनं पंचांग काढलं आणि नगरपालिकेच्या कारकुनाने सांगितलेली मार्चमधली तारीख शोधली. फाल्गुन वद्य पंचमी. रंगपंचमी.

पंचमीला गेलेल्या माणसाचं श्राद्ध पंचमीला करतात. आणि जिवंत माणसाचं श्राद्ध कुणीच करत नाही.

प्रमिलाने पंचांग दिनदर्शिकांच्या पसाऱ्यावर ठेवलं. “अरे देवा,” ती मोठ्याने म्हणाली, “म्हणजे मी दहा महिने कुणापासून काय लपवत होते?”

६

शुक्रवारी तीनला अण्णा आले. इस्त्रीचा सदरा, हातात फाईल, पाय जड. कावेरीताईंनी तीन कप ठेवले होते. कुणी बोलावलं, का बोलावलं, त्यांनी विचारलं नाही.

“वहिनी,” अण्णांनी सुरुवात केली. “ते सत्त्याण्णव साली… म्हणजे मी जेव्हा… तेव्हा जे झालं…”

“साखर कमी आहे का?”

“नाही, चहा उत्तम आहे. तर तेव्हा मी तुम्हाला जे सांगितलं, ते तसं नव्हतं. म्हणजे वसंता… त्याचं…”

पुढे येईना. फाईलची लेस ते बोटाने सोडत होते आणि परत बांधत होते. प्रमिलाने घड्याळाकडे पाहिलं. सव्वातीन. वीस वर्षं खात्यात आणि पन्नास वर्षं मित्रांत वावरलेल्या माणसाला एक वाक्य पुरं करता येऊ नये!

“ताई,” ती म्हणाली, “दरवर्षी पितृपक्षातल्या पंचमीला तुम्ही वाचनालयाला पुस्तक देता. अठ्ठ्याण्णवपासून.”

अण्णांचे हात थांबले.

कावेरीताईंनी कप खाली ठेवला. त्या प्रमिलाकडे बघत होत्या, वर्गात शेवटच्या बाकावरून बरोबर उत्तर यावं तशा.

“अठ्ठावीस वर्षांत कुणीच तारखा लावून बघितल्या नाहीत,” त्या म्हणाल्या. “वाचनालय म्हणे!” मग अण्णांकडे वळल्या. “भावजी, अठ्ठ्याण्णवच्या पितृपक्षात मी पंचमीला सकाळी नदीवरून येत होते. तुम्ही गुडघाभर पाण्यात उभे होतात. हातात दर्भ, तीळ. डोळ्यांतून पाणी. आणि तुमचे वडील तेव्हा तुमच्या घरी सुपारी कातरत बसलेले, ठणठणीत. ज्याचा बाप जिवंत आहे तो माणूस पाण्यात उभा राहून कुणाला पाणी देतो?”

अण्णांनी फाईल टेबलावर ठेवली.

“तेव्हापासून तुम्हाला…?”

“तेव्हापासून. होळीला निघाले होते, तिथी पंचमीची. होळीनंतरची पहिली पंचमी कुठली, एवढं गणित मला येतं. तीस वर्षं शिकवलंय.”

“मग बोलला का नाहीत?” हे अण्णा ओरडले. अपराधी माणसाने ओरडावं तसे.

“सासूबाई होत्या. रोज दाराशी बसायच्या. त्यांच्यासाठी गप्प राहिले. त्या दोन हजार दहाला गेल्या. मग तुमच्यासाठी.”

“माझ्यासाठी?”

“दर दिवाळीला यायचात. ‘वहिनी, नाशिकला एकाने पाहिलं म्हणे. वहिनी, गिरनारला एक दाढीवाला होता म्हणे.’ इतकं मन लावून खोटं बोलणाऱ्या माणसाला काय म्हणायचं? म्हटलं, ह्यांचा जीव त्यावर तगलाय. तगू दे.” त्यांनी पदराने डोळ्याचा कोपरा टिपला, रागाने. “गिरनारवाला दाढीवाला मात्र जरा जास्त होता.”

अण्णा रडत होते. आवाज न करता, नाक वाहत, सत्त्याहत्तर वर्षांचं शहाणपण सदऱ्याच्या बाहीला पुसत.

“आणि हे कुंकू?” प्रमिलाच्या तोंडून निसटलं. मग तिने जीभ चावली.

“ते माझं आहे. सरकारी शिक्का नाही तो, वेळेवर काढायला.”

खाली रस्त्यावर राखोलीच्या शिफ्टची बस हॉर्न देत गेली. प्रमिलाच्या पर्समध्ये फोन थरथरला. जया. तिने तो तसाच वाजू दिला. टेबलावर अर्ज पसरला होता, दहा रकाने भरलेले, सातवा पांढरा. साडेतीन. अण्णा म्हणाले, “तेव्हा ते जे झालं ते असं झालं.” कावेरीताई म्हणाल्या, “हो, झालं खरं.” अण्णा म्हणाले, “आता काय उरलंय लपवायचं.” कावेरीताई म्हणाल्या, “काही नाही.” आणि दोघंही पुन्हा चहाच्या कपांत बघू लागले.

प्रमिलाचा संयम सुटला.

“अहो, काय झालं? ‘ते’ म्हणजे काय?” तिने पेनचं टोपण काढून टेबलावर आपटलं. “अठ्ठावीस वर्षं ‘ते’ आणि ‘तसं’ आणि ‘तेव्हा’! ह्या रकान्यात मी ‘समजून घ्या’ लिहू? मला माफ करा, मी लहान आहे तुमच्याहून, पण आता कुणीतरी एकाने ते म्हणा. मी नाही म्हणणार. मी म्हटलं तर ते खोटं होईल.”

अण्णांनी मान वर केली. त्यांनी कावेरीताईंकडे पाहिलं, आणि तिथे बघून त्यांना कळलं की आपण ते म्हणायचं नाहीये. आपला तेवढा हक्क नाही.

कावेरीताईंनी अर्ज आपल्याकडे ओढला. भिंतीवरच्या फोटोकडे एकवार बघितलं. लग्नाला पन्नास वर्षं होऊन गेली. ह्या बाईच्या तोंडून नवऱ्याचं नाव कुणी ऐकलं नव्हतं. ‘हे’ म्हणत, ‘ह्यांचं’ म्हणत त्या सगळं आयुष्य चालल्या होत्या.

त्यांनी चष्मा नीट केला.

“लिही, प्रमिला,” त्या म्हणाल्या, फळ्यावर गणित सांगावं तशा स्पष्ट आवाजात. “वसंत महादेव आरेकर. वारले.”